सेकंदाला तेरा

उस्मानपुऱ्यात रात्री साडेदहानंतर कुठलाही आवाज आला तर तो पाण्याचाच असणार, असं आम्ही धरून चालतो. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या, आणि येताना घड्याळ बघून येत नाही. त्यामुळे इथला माणूस झोपला तरी त्याचा एक कान मोटरीपाशी जागा असतो. जूनमधल्या एका रात्री मी असाच दचकून उठलो. मोटर कोरडी चालल्यावर येतो तसा आवाज येत होता. एकदम वर चढायचा, गरागरा फिरायचा, खाली घसरायचा, की पुन्हा वर. मोटर जळाली तर रिवाइंडिंगला किती जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला चप्पल शोधायला वेळ नसतो. मी अनवाणी जिना उतरलो, हौदाजवळ जाऊन अंधारात बटण चाचपलं. बटण बंद होतं. आवाज चालूच होता, आणि तो आमच्याच मागच्या खोलीतून येत होता. तिथे आमचा भाचा पलंगावर मांडी घालून गिटार वाजवत बसला होता.

"सॉरी मामा. आवाज जास्त झाला का?"

"नाही रे, मी मोटर बघायला उठलो होतो."

हे मी टोमणा म्हणून बोललो नव्हतो. त्याला मात्र ते फार लागलं.

भाचा जालन्याचा. स्टेशन रोडवरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून आमच्याकडे राहायला आला. येताना कपड्यांची एक बॅग, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, एक गिटार आणि मिक्सरच्या खोक्याएवढा काळा ठोकळा घेऊन आला. बहिणीने फोनवर सांगितलं होतं, "लेकरू शांत आहे, तुम्हाला काही त्रास नाही व्हायचा." लेकरू खरोखरच शांत आहे. जो काही त्रास आहे तो त्या ठोकळ्याला प्लग लावल्यावर सुरू होतो. ठोकळ्याच्या आणि गिटारीच्या मध्ये पायाने दाबायचं एक पेडल असतं. त्याचं काम काय, तर चांगला आलेला आवाज फाडायचा. मी तीस वर्षं बँकेत काढली, लोक कशाकशासाठी कर्ज काढतात ते पाहिलं, पण धड आवाज पैसे देऊन फाडून घेणारा पहिला ग्राहक माझ्याच घरात निघाला.

त्याचा रियाझ मात्र खोटा नाही. रोज चार तास. मोबाइलमध्ये मेट्रोनोम लावतो, टक टक टक. ऐंशीवर सुरुवात करायची, जमलं की पाचने वाढवायचं. गाणं नाही, चाल नाही, तेच आठ-दहा सूर घेऊन शिडी चढायची आणि उतरायची. मी विचारलं, सध्या कुठपर्यंत पोचलास? म्हणाला, "दोनशे, मामा. एका बीटला चार नोट्स." मिनिटाला दोनशे ठोके, ठोक्याला चार सूर, म्हणजे मिनिटाला आठशे. भागाकार मी तोंडी केला. सेकंदाला तेरा सूर, वर तेहेतीस पैसे.

बायको भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "तेरा वाजवतोस ना? मग त्यातला एक मला नीट वाजवून दाखव."

तो खरंच विचारात पडला. "कुठला, मामी?"

पुढे त्याने मला शास्त्र समजावलं. स्वीप पिकिंग म्हणजे सहाही तारांवरून पिक झाडूसारखी एका दमात ओढायची. (यावर मामी म्हणाली, झाडू हॉलमध्येही फिरवत जा.) टॅपिंग म्हणजे उजव्या हाताची बोटंसुद्धा डाव्या हाताच्या राज्यात नेऊन पट्टीवर आपटायची, टाइपरायटरसारखी. मग त्याने आपली दैवतं दाखवली. स्वीडनचा इंग्वे माल्मस्टीन, १९८४ सालचा 'रायझिंग फोर्स' हा अल्बम. पॅगानिनीचं व्हायोलिन ऐकून या गृहस्थाने ते सगळं गिटारीवर आणायचं ठरवलं, आणि बोटं अडू नयेत म्हणून पट्टीवरच्या दोन पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून घेतलं. आपल्या गिटारीचंही तसं करून घ्यावं, ओळखीचा कोणी सुतार आहे का, असं भाच्याने विचारलं. आहे, पण तो फक्त दरवाजे करतो, असं सांगून मी वेळ मारून नेली.

दुसरं दैवत एडी व्हॅन हेलन. त्याचं 'इरप्शन' १९७८चं. नुसती गिटार, १ मिनिट ४२ सेकंद, आणि तेवढ्यात जगभरच्या पोरांची झोप उडाली. सुरुवातीला क्लबात वाजवताना आपली टॅपिंगची युक्ती कोणी चोरू नये म्हणून तो लोकांकडे पाठ करून उभा राहायचा म्हणतात. मला हा माणूस आवडला. ते १ मिनिट ४२ सेकंद मी पुरते ऐकले आणि मोटरीची आठवण एकदाही झाली नाही. याच माणसाने पुढे मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'मध्ये अर्धा मिनिट वाजवलं आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. गाडी दोनशेने नेता येते, पण कुठे जायचंय हेही त्याला ठाऊक असावं.

मग मीच मोबाइल हातात घेतला आणि शोधता शोधता बी. बी. किंगवर पोचलो. गुबगुबीत अंगाचा म्हातारा खुर्चीत बसलाय, गिटारीला लाडाने ल्युसिल म्हणतो. एक सूर घेतो. तो सूर बोटाखाली थरथरवतो. मग थांबतो. थांबतो म्हणजे किती, तर आमच्या भाच्याचे पन्नास सूर निघून गेले असते. मग दुसरा घेतो. माझ्या अंगावर काटा आला. भाच्याने मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, "हा स्लो आहे, मामा. याला तर कॉर्डसुद्धा जमत नाहीत, स्वतःच सांगितलंय त्याने." आणि हे खरं निघालं. १९८८च्या एका चित्रपटात म्हाताऱ्याने यू-टू बँडच्या पोरांना मोकळेपणाने सांगून टाकलं आहे की कॉर्ड हा आपला प्रांत नव्हे.

त्या रात्री फरक माझ्या डोक्यात आला तो पाण्याच्याच भाषेत. बी. बी. किंग सूर असे वापरतो, जसं आमच्याकडे सातव्या दिवशी पाणी वापरतात. टाकी ठोकून बघायची, तळ किती उरलाय त्याचा अंदाज घ्यायचा आणि एकच तांब्या असा ओतायचा की सगळं अंग भिजलं पाहिजे. आमचा भाचा म्हणजे भर रस्त्यात फुटलेली जलवाहिनी. कारंजं वीस फूट उडतंय, लोक गाड्या थांबवून व्हिडिओ काढताहेत आणि प्यायला कोणालाच मिळत नाही.

अर्थात हे दुखणं साता समुद्रापलीकडून आलंय असं म्हणायची सोय नाही. लहानपणी मी तबला शिकलो, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत. त्या वयात माझं सगळं लक्ष रेल्यावर. धिरधिर तिरकिट जितक्या जोरात पळेल तितकं आपण मोठे. गुरुजी म्हणायचे, "अरे, बोल ऐकू येऊ दे, पत्र्यावर पाऊस नको पाडूस." मी पाऊसच पाडत राहिलो आणि परीक्षकांनी मला पास केलं, बहुधा थांबवण्यासाठी. मैफलीत तरी आपण काय करतो? सोनेरी महालाच्या पायथ्याशी वेरूळ-अजिंठा महोत्सव असला की बघा. आलापी चालू असते तेव्हा निम्मे लोक पार्किंगची पावती कुठल्या खिशात ठेवली ते शोधत असतात. तबला-सतारीची सवाल-जवाबाची पळापळ सुरू झाली की पावती विसरून टाळ्या. मराठीत तर आपण यासाठी एक फार सभ्य शब्द करून ठेवला आहे, 'तयारी'. गवई ऐकून आलेला माणूस "तयारी फार आहे हो" एवढंच बोलून चहाकडे वळला, की समजावं. मुलगा बघून आल्यावर "घर मोठं आहे" म्हणतात, त्यातलाच प्रकार.

आणि या विषयावरचा शेवटचा शब्द आमच्या शहराजवळच, पंधरा-सोळा किलोमीटरवर, आठशे वर्षांपूर्वी लिहून झालेला आहे. देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे अधिकारी होते. घराणं मूळ काश्मीरचं, पद श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचे प्रमुख. माझ्याच खात्यातले! फरक एवढाच की मी कचेरीतून आलो की पेपर वाचायचो आणि त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय, २६४ राग. हिशेबनीस माणूस असल्यामुळे त्यांनी गायकाच्या गुणांबरोबर दोषांचीही वही ठेवली, आणि दोष मोजून पंचवीस भरले. दात आवळून गातो तो संदष्ट. तोंडाचा आ वासतो तो कराली. उंटासारखी मान वर ताणतो तो करभ. मान वाकडी करतो तो वक्री. कपाळाच्या आणि मानेच्या शिरा फुगवतो तो झोंबक. गाल भोपळ्यासारखे फुगवतो तो तुंबकी. हातपाय पसरतो तो प्रसारी. डोळे मिटून घेतो तो निमीलक.

ही यादी हातात घेऊन मी एका संध्याकाळी दाराच्या फटीतून भाच्याचं निरीक्षण केलं. एकशे साठला तो संदष्ट झाला. एकशे ऐंशीला वक्री. एकशे नव्वदला झोंबक, डाव्या कानामागची शीर दोरीसारखी वर आली. दोनशेला करभ आणि निमीलक एकाच वेळी, म्हणजे डोळे मिटलेला उंट. तुंबकी तेवढा राहिला, कारण फुगवायला गाल नाहीत. आमच्याकडे येऊन पोरगं वाळलं असं त्याच्या आईचंही म्हणणं आहे.

मी यादी त्याला वाचून दाखवली. 'विरस', म्हणजे गाण्यात रसच नसलेला, हा दोष आला तेव्हा जरा आवाज चढवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मामा, हे सिंगरसाठी आहे ना? गिटारिस्टसाठी कुठं आहे?" मुद्दा बिनतोड होता. मग मी पुढचं काढलं. गायकांचे पाच प्रकार: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक, भावक. शिकवण्यात पक्का तो शिक्षाकार, दुसऱ्याची नक्कल करणारा अनुकार, स्वतः रसात बुडालेला रसिक, ऐकणाऱ्याला खूश करणारा रंजक आणि गाण्यात भाव भरणारा भावक.

"मी कुठला?"

"अनुकार," आतून मामी म्हणाली. "त्या स्वीडनवाल्याचा."

अनुकार हा कमी प्रतीचा, असंही नाही. देवगिरीचा गोपाल नायक दिल्लीच्या दरबारात गात होता तेव्हा अमीर खुसरो म्हणे सिंहासनाखाली लपून ऐकत राहिला, आणि मग बाहेर येऊन त्याने ते सगळं जसंच्या तसं गाऊन दाखवलं. दंतकथा आहे, पण यूट्यूबवर बघून शिकणाऱ्या आजच्या सगळ्या पोरांचा मूळपुरुष तोच.

मग गणपती आले. भाच्याचं स्वप्न संत एकनाथ रंगमंदिरात वाजवायचं आहे. ते नाट्यगृह आमच्या उस्मानपुऱ्यातच आहे. ज्यांच्या नावाने ते उभं आहे त्या पैठणच्या नाथांनी लोकांनी बसून ऐकावं म्हणून भारुडात विंचू चावून घेतला, हे मी त्याला सांगितलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. सुरुवात गल्लीतल्या मंडळापासून करायची ठरली. कार्यक्रमपत्रिकेत लहान मुलांचा डान्स, महिलांची संगीत खुर्ची, आणि दोन्हींच्या मध्ये 'गिटारवादन'. भाचा काळा शर्ट घालून उभा राहिला. प्लग लावला, पेडल दाबलं आणि थेट दोनशेने सुटला.

पहिली दहा सेकंदं लोकांनी ऐकलं. मग साउंडवाला उठला. तो वाकून, जवळजवळ रांगत स्टेजवर आला आणि भाच्याच्या पायाजवळची वायर हलवून बघू लागला. भाचा डोळे मिटलेला उंट, त्याला काही कळेना. साउंडवाल्याने वायर काढली, शर्टाला पुसली, परत लावली. आवाज तसाच. त्याने निवेदकाकडे बघून हाताने नकाराची खूण केली. निवेदक अनुभवी होता. त्याने माइक घेतला आणि गोड आवाजात जाहीर केलं, "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व."

भाचा थांबला. पुढच्या रांगेत बसलेल्या एका आजींना त्याची दया आली. म्हणाल्या, "असू दे बाळा. ते ग्लासवालं वाजव की." ग्लासवालं म्हणजे 'चुरा लिया है तुमने', १९७३चं, 'यादों की बारात'मधलं. सुरुवातीला ग्लास वाजतो आणि मागून गिटार येते. अख्ख्या मांडवाने "हौ, तेच वाजव" म्हणून उचलून धरलं. आणि सेकंदाला तेरा सूर काढणाऱ्या आमच्या भाच्याला एकही गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत येत नाही, हे त्या क्षणी त्याला, मला आणि बाप्पाला एकदमच कळलं.

घरी जाताना मी त्याला तारा पानवर नेलं. तिथे नवरा-नवरीसाठी पाच हजारांचं पानसुद्धा मिळतं, त्याची ख्याती लांबवर आहे. आम्ही अर्धा तास उभे होतो. गर्दी साध्या मिठ्या पानाला होती. मी काही बोललो नाही, त्यानेही पान तोंडात असल्यामुळे काही विचारलं नाही.

आमच्या खालच्या गाळ्यात एक टेलर चाचा आहेत. चाळीस वर्षं मशीन चालवतात. रात्री उशिरापर्यंत त्यांची मशीन आणि भाच्याची गिटार यांची जुगलबंदी चालते. दुसऱ्या दिवशी मी ओशाळून म्हटलं, चाचा, पोराचा फार त्रास होतो ना?

"नहीं साहब. बेटे का हाथ भोत साफ है. मेरी मशीन भी इत्ती तेज नहीं चलती." दोरा सुईत ओवून झाल्यावर पुढे म्हणाले, "पन मेरे पास आखिर में शर्ट तो निकलता."

हे मी भाच्याला सांगितलं नाही. जिन्यात उभा राहून त्याने स्वतःच ऐकलं असावं, कारण त्याच दिवशी त्याने 'चुरा लिया' काढायला घेतलं. दहा मिनिटांत झालं. "काहीच नाही मामा यात. सोपं आहे." वाजवून दाखवलं. सूर बरोबर, ताल बरोबर, चूक शोधून सापडणार नाही. तरी ऐकताना रेशनच्या रांगेत आपला नंबर पुकारल्यासारखं वाटत होतं. मग त्याने मूळ गाणं लावलं. ती गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे, गझल गाणारे भूपिंदर तेच. भाच्याने ते कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. तारा छेडणं त्याला लगेच जमलं होतं. दोन झंकारांच्या मध्ये हात नुसता तारांवर टेकवून ठेवायचा असतो, ते जमेना. हात थांबला की त्याच्या बोटांना मुंग्या येत. रिकामी जागा दिसली की चार सूर घुसलेच, शेअर रिक्षात चौथ्या सीटवर पाचवा माणूस घुसतो तसे. संध्याकाळपर्यंत त्याने ते चाळीस वेळा तरी वाजवलं असेल, आणि शेवटी चिडून पेडल दाबलं.

दिवाळीच्या आधी, पाण्याच्या दिवशी, गच्चीवरच्या टाकीचं झाकण त्याच्या डाव्या हातावर पडलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. हाड बारीकसं तडकलं होतं. डॉक्टरांनी दोन बोटं एकत्र बांधली आणि तीन आठवडे गिटार बंद म्हणून सांगितलं. पोरगं दोन दिवस जेवलं नाही नीट. तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन माझ्याकडे आलं. जँगो राइनहार्ट नावाचा माणूस, १९२८ साली त्याच्या गाडीघराला आग लागली आणि डाव्या हाताची नेमकी हीच दोन बोटं कामातून गेली. वय अठरा. पुढचं आयुष्यभर तो उरलेल्या दोन बोटांनी एकेक सूर वाजवत राहिला आणि युरोपातला सगळ्यात मोठा जॅझ गिटारवादक झाला. "दोन बोटांनी, मामा!"

तेव्हापासून तो दोन बोटांनी वाजवू लागला. मेट्रोनोम बंद, कारण त्याचा उपयोग नव्हता. पेडलही बंद, कारण त्याची लाज वाटत असावी. एक सूर घ्यायचा, मग दुसरीकडे पोचायला बोटाला वेळ लागायचा, तेवढा वेळ पहिला सूर घरभर फिरून यायचा. एका संध्याकाळी त्याने ग्लासवालं गाणं लावलं. बायकोने गॅस बारीक केला. मी पेपर खाली ठेवला. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं, कसला तरी आवाज कमी झालाय असं. खिडकीतून खाली वाकून पाहिलं. चाचांची मशीन थांबली होती. कापड दाबपट्टीखाली तसंच, दोन्ही हात मांडीवर, आणि ते वर बघत होते.

पट्टी परवा निघाली. डॉक्टर म्हणाले, बोटं अगदी पहिल्यासारखी झाली आहेत. काल रात्री साडेदहाला मी जिना उतरून मोटर बंद आहे का ते बघून आलो. बंदच होती.